बोअरच्या पाण्याचं जेल

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी संशोधन करायचे. पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचे बारके तुकडे. पाण्यात ते आपोआप एकमेकांना धरतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांची जाळी पाणी अडवते — झालं जेल. कुणी बांधत नाही, कुणी चिकटवत नाही. जमलं की नाही हे पाहायची रीत साधी : बाटली उलटी करायची, पाणी खाली आलं नाही की जमलं. माझी बाटली रोज ओघळायची. आणि खोलीवर परतल्यावर हे सांगायचं तरी कुणाला?

मग माझ्या हाताखाली शबाना आली, गोंडपिपरीच्या बांगडीवाल्यांची मुलगी. पहिल्याच उन्हाळ्यात तिने बाटली उलटी केली आणि थेंबही हलला नाही. ती नाचली. मीही हसले. पोटात दुखत होतं, तरी हसले.

आमच्या गाइड सरांनी स्वतः करून पाहिलं. जमलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. जेल जमावं म्हणून हिने जिलेटिन मिसळलं असणार, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले.

आता आडून आडून किती बोलू? डिस्टिल्ड पाण्याचा कॅन भरणं माझं काम होतं. शबानाचं जेल जमलं त्या आठवड्यात लाइट सारखी जायची, यंत्र थेंब थेंब गाळायचं. मी वैतागून कॅन व्हरांड्यातल्या बोअरच्या नळाखाली धरला. आपल्याकडचं बोअरचं पाणी — भांडी पांढरी करणारं. त्यातल्या कॅल्शियमनेच ते तुकडे बांधून ठेवले होते. सरांच्या वेळी मात्र कॅनमध्ये खरं डिस्टिल्ड पाणी होतं. तेही मीच भरलेलं.

सर तसं म्हणाले तेव्हा शबाना माझ्याकडे वळली. "ताई, पाणी तं डिस्टिल्डच होतं नं?"

मी म्हटलं, "हो."

खरं कारण मला तेव्हा कळलं होतं का? अर्धं. पण तोंड उघडायला अर्धं पुरे होतं. मी तो 'हो' मागे घेतला नाही — आणि ती कॉलेज सोडून गेली.

पुढे मी कॅल्शियम मोजून घातलं, जेल जमलं, पीएचडी झाली. प्रबंधाच्या आभारातसुद्धा तिचं नाव नाही. आता मुलांना शिकवते, घरी येऊन एकटी जेवते. फार एकटं वाटतं, हे खरं.

मागे गोंडपिपरीला गेले तेव्हा ती दुकानात होती. तिने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मग हळूच म्हणाली, "ताई, तवा माह्याच हातानं काई चुकलं असन. अजून समजत नाई मले."

मी बांगड्या पाहत म्हटलं, "असेल."