डाव्या हाताची नोंद

"ता रवांदे. नोंद खंय असा?"

एवढं म्हणून ते अंगठा जिभेला लावायचे आणि रजिस्टरचं पान उलटायचे. घाटकोपरच्या आमच्या पोलीस ठाण्यातले हवालदार, मूळचे कुडाळचे, सगळ्या रस्त्याचे मामा. मोबाइल चोरीला गेलेला माणूस छाती बडवत यायचा, भांडलेले नवरा-बायको यायचे, एकदा तर शेजाऱ्याचा पोपट आपल्याला नाव घेऊन शिव्या देतो अशी तक्रार घेऊन एक गृहस्थ आले होते. मामा सगळं शांतपणे ऐकायचे आणि मग हे एकच वाक्य: ते राहू दे, नोंद कुठे आहे? स्टेशन डायरी हे त्यांचं देवघर. अक्षर तर असं देखणं, की त्यांचा कागद झेरॉक्सला लावला की माझं मशीन आधी दोन मिनिटं वाचत बसायचं.

माझं दुकान ठाण्याच्या समोरच. निळी शाई आणि टाचण्या मामांना माझ्याकडूनच लागायच्या. मी गोष्ट थोडी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. लोक वाढवून सांगतात.

तर त्या वर्षी माणसं कमी पडली म्हणून मामांना टेबलावरून उठवून दहीहंडीच्या बंदोबस्ताला उभं केलं. दुपारी थर कोसळले. तिसऱ्या थरावरचा एक गोविंदा, चांगला बँकेतला, पोट सुटलेला, थेट मामांच्या उजव्या खांद्यावर आला. हा ऐवज तिसऱ्या थरावर चढवला कोणी, हे मंडळाला आजही सांगता येत नाही. मामा बाजूला सरकले असते तर गोविंदा डोक्यावर आपटला असता. मामा सरकले नाहीत. नंतर उठले, टोपी झटकली, खांद्याला रुमाल बांधला आणि म्हणाले, "मुरगाळलो वाटता."

मुरगळला नव्हता, मोडला होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळलं. हाड सांधलं, पण वाकडं. मोठे साहेब समोर आले की मामांचा सॅल्यूट छातीपर्यंत येऊन थांबायचा, जणू खिशातलं पेन शोधतायत. डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऑपरेशन केलं तर हात वर जाईल. म्हणून मामांनी कर्तव्यावर जखमी झाल्याच्या भरपाईचा अर्ज केला. माझ्याच दुकानात टाइप झाला.

महिन्याभराने उत्तर आलं. त्या दिवशीच्या डायरीत अर्जदार जखमी झाल्याची नोंद आढळत नाही.

जो प्रश्न हा माणूस आयुष्यभर जगाला विचारत आला, तोच टपालाने त्यांच्या टेबलावर येऊन बसला.

"मामा, अख्ख्या घाटकोपरची नोंद केलीत आणि तुमचीच नाही?"

"आपलीच नोंद आपणच कशी करूची रे? बरां दिसता काय?"

मग चौकशी लागली. तो गोविंदा एव्हाना बदली होऊन परराज्यात गेला होता, तेव्हा साक्षीला रस्त्यावरची माणसं बोलावली. आणि इथे माझं पाप उभं राहिलं. हा प्रसंग मी शेजारी उभा राहून पाहिलेला, तो काउंटरवर रोज सांगत होतो आणि रोज त्यात भर पडत होती. गर्दीत कोणाला धड काही दिसलं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं ते माझ्या तोंडून. चहावाला म्हणाला, नवव्या थरावरून पडला. इस्त्रीवाला म्हणाला, दोन गोविंदा होते. फुलवाल्या मावशीने तर गजऱ्याची शपथ घेऊन सांगितलं, सोबत स्पीकरचा खोकाही आला.

चौकशी अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "हवालदार, नऊ थरांवरून दोन माणसं आणि एक स्पीकर अंगावर पडल्यावर तुम्ही माझ्यासमोर उभे कसे?"

माझी पाळी यायच्या आधी मामांनी व्हरांड्यात मला बाजूला घेतलं. "झिला, आज एक दिस मीठ न घालता वाढ."

तुम्ही कधी असं बोलून पाहिलंय? मी म्हणालो, "तिसरा थर. एक माणूस. उजवा खांदा." आणि संपलंच.

"आणखी काही?" साहेबांनी विचारलं.

आणखी एक गोष्ट होती. ती मी कधीच कोणाला सांगितली नव्हती, कारण तिच्यात काही मजाच नव्हती.

"त्या संध्याकाळी गर्दीत माझं पाकीट गेलं, म्हणून मी ठाण्यात आलो होतो. लोकांची रांग लागलेली. मामा टेबलावर बसून एकेकाची नोंद करत होते. डाव्या हाताने."

साहेबांनी त्या दिवसाची डायरी मागवली. आदल्या दिवसापर्यंत मामांची मोत्यासारखी ओळ. आणि त्या संध्याकाळची दोन पानं अशी, की पहिलीतल्या पोराने लिहिली म्हणावं. जखमी गोविंदा सात, नाव-पत्त्यासकट. हरवलेली चप्पल. माझं पाकीट. प्रत्येक नोंदीखाली मामांची तिरकी सही.

"हे अक्षर तुमचं?"

मामा खाली बघत म्हणाले, "होय साहेब. माफ करा, वाईट आलंय."

साहेबांनी आदल्या दिवसाचं पान उलटून पाहिलं, मग पुन्हा हे. मग त्यांनी पेन उचललं.

मंजुरीचा आदेश आला तेव्हा मामांनी एक झेरॉक्स मागितली. मी दहा काढल्या. 'कर्तव्य बजावताना जखमी' या ओळीवरून त्यांनी अंगठा फिरवला, या वेळी जिभेला न लावता. ऑपरेशन झालं. पुढे तीन महिने ते माझ्या दुकानात बसून हाताने भिंत चढायचा व्यायाम करत, आणि कालच्यापेक्षा किती वर गेला त्याची पेन्सिलची रेघ मी भिंतीवर ओढत असे. रेघा अजून आहेत. रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला लावली.

आता मामा कुडाळला असतात. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाल्यावर ते माझ्या दुकानाच्या पायरीवर आले, वळले आणि समोरच्या ठाण्याच्या पाटीला त्यांनी सॅल्यूट ठोकला. हात थेट भुवईला लागला, असं मी सगळ्यांना सांगतो.

इथे मात्र लिहून ठेवतोय, म्हणून खरं सांगतो. दोन बोटं खाली राहिला.