मेश्रामबाईंचा हात

रोपांना घालायच्या प्रत्येक बादलीत मेश्रामबाई आधी मनगटापर्यंत हात बुडवायच्या, मान दुसरीकडे वळवायच्या आणि निकाल द्यायच्या. निकाल दोनच: ‘चालेल’ किंवा ‘रागावलंय अजून’. रागावलेलं पाणी गारही असायचं आणि गरमही. कोणतं ते आपण ओळखायचं. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. असल्या मोघम उत्तराला मी पाचांपैकी एक गुणही दिला नसता.

मुलांनो, तुमचे आजोबा गेल्यावर धायरीतल्या आपल्या जागेवर मी प्लास्टिकच्या कापडाचं हरितगृह उभारलं, ते दिवस तुम्ही पाहिलेले नाहीत. तुमचा बाबा तेव्हा नुकताच हिंजवडीला नोकरीला लागला होता आणि तसल्या ऑफिसांतून टेबलावर ठेवायच्या कुंड्यांना एकाएकी मागणी आली होती. मी आफ्रिकन व्हायोलेट लावायचं ठरवलं: मखमली पानं, जांभळी फुलं, तळहातावर मावेल एवढं रोप. पुस्तकं वाचून ठरवलं, त्यामुळे पहिल्याच हिवाळ्यात निम्मी रोपं गेली. उघड्या टाकीतलं सकाळचं गार पाणी पानावर पडलं की तपकिरी डाग उठत, मुळाला लागलं की रोप मान टाके.

शेजारच्या सोसायटीत मेश्रामबाई एकट्या राहायच्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, सरकारी रोपवाटिकेतून निवृत्त झालेल्या. एकदा कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, “अहो मॅडम, हे काय करून राहिल्या? थंडीत तुम्ही गार पाण्याने आंघोळ करता का?”

“नाही.”

“मग?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या हजर. बाहेर तीन विटा मांडल्या, पातेल्यात पाणी तापवलं, टाकीच्या पाण्यात मिसळून कोमट केलं. मी हीटर आणते म्हटलं तर म्हणाल्या, “आणा. वीज असेल तेव्हा तो तापेल, नसेल तेव्हा आपण तापू.” त्या वर्षी वीज रोज जात होती, त्यामुळे मला बोलताही येईना. त्या हिवाळ्यात एकही रोप दगावलं नाही. पैसे विचारले तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

पण त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे वैताग होता. मला सगळं लिहून हवं असे.

“पाणी किती गरम हवं?”

“झाडाला सोसेल एवढं.”

“म्हणजे किती?”

“ते वहीत मावणार नाही, मॅडम.”

शेवटी मी थर्मामीटर आणला, खिळ्याला टांगला आणि सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाच्या हातून जे व्हायचं तेच झालं: खाली पाटी लावली. ‘पाणी २५ ते २८ अंश. थर्मामीटर वापरल्यावर पुसून जागेवर ठेवावा.’

मेश्रामबाईंनी पाटी दोनदा वाचली. मग सुकलेली पानं खुडता खुडता म्हणाल्या, “शेतकी कॉलेजात आमच्या तुकडीला थर्मामीटर एकच होता. मी धरला की पुढचा मुलगा रुमालाने पुसून घ्यायचा. दुसऱ्या कोणी धरला की नाही पुसायचा. तिसऱ्या दिवसापासून मी त्याला हातच लावला नाही. हातालाच शिकवलं.”

आवाजात तक्रार नव्हती. पण माझ्या आजोळी कोणाचे कप वेगळे ठेवलेले असत ते मला माहीत होतं. मी पाटी तिथल्या तिथे काढून फाडली, थर्मामीटरही उचलून पर्समध्ये टाकला.

“अहो, तो राहू द्या की,” त्या म्हणाल्या. “त्या बिचाऱ्याचा काय दोष?”

मी ऐकलं नाही. त्या दिवसापासून पाणी किती गरम आहे हा विषय मी कधी काढला नाही. याला मी सभ्यपणा समजत होते.

तीन हिवाळे उत्तम गेले. चौथ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास कोवळी रोपं कोमेजू लागली, देठ मऊ पडू लागले. बाई पलीकडच्या टोकाला असताना मी बादलीत बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं. पर्समधला थर्मामीटर काढून पाहिलं: अठ्ठेचाळीस अंश. याच पाण्याला त्या ‘चालेल’ म्हणाल्या होत्या.

“बाई, पाणी पोळतंय,” एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. मी त्यांच्या हातावर शंका घेतली तर त्यांना तो रुमालवाला मुलगा आठवेल असं वाटलं. मग रोज सकाळी मी गुपचूप त्यात तांब्याने गार पाणी ओतायला लागले आणि मनातल्या मनात त्यांच्यावर चिडायला लागले. बाई निष्काळजी झाली. बाईला स्वतःच्या हाताची घमेंड आहे. माझी रोपं मरताहेत आणि हिचा तोरा कायम. रोज नवा राग, रोज तोच तांब्या.

संक्रांतीनंतर एकदा पकडले गेले.

“काय करून राहिल्या?”

“काही नाही, जरा गार...”

“मी चालेल म्हटलं होतं ना?”

त्यांनी माझ्या हातातला थर्मामीटर घेतला, गार पाणी न ओतलेल्या दुसऱ्या बादलीत धरला, चष्मा वर करून वाचला. नंतर स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून पाहिला. दोन बोटांवर पाण्याने भरलेले फोड होते. त्यांना ते तेव्हा पहिल्यांदा दिसले.

“कधीपासून ओतता?”

“दिवाळीपासून.”

त्यांनी चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि पदराला हात पुसला.

मी त्यांना पेठेतल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तात साखर, आणि तीही बरीच जुनी. डॉक्टरांनी बोटांना आणि तळपायांना टाचणी लावून पाहिली. बाईंनी मान दुसरीकडे वळवली होती. “करा सुरू,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांचं टोचून झालं होतं.

डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम निघाली. तिच्यावरून त्या किती आठवडे चालत होत्या कोण जाणे. “दोनेक महिने आधी यायला हवं होतं,” डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

हॉस्पिटलात मी त्यांना म्हणाले, “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

“त्या मुलाने पुसला तेव्हा वाईट वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पाटी फाडली तेव्हा बरं वाटलं. पण मग तुम्ही मला काचेचं भांडं करून ठेवलं. भांडायचं होतं, मॅडम. ‘बाई, हात भाजून राहिला तुमचा, डोकं ठिकाणावर आहे का?’ असं ओरडायचं होतं. मैत्रिणीवर ओरडतात तसं.”

 

उन्हाळ्यात बहीण येऊन त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेली. आम्ही फोनवर बोलायचो, रोपांबद्दल, हवेबद्दल. पायाबद्दल विचारायला मी दर वेळी कचरायचे आणि फोन ठेवल्यावर स्वतःवर चरफडायचे. दुसऱ्या वर्षी त्यांच्या बहिणीचाच फोन आला: बाई गेल्या. पाय गुडघ्यापर्यंत काढला होता म्हणे, सहा महिन्यांपूर्वी. हे मला त्या गेल्यावर कळलं.

तुम्ही दोघं दर रविवारी फोनवर “फाइन, आजी” म्हणता. मीही “इकडे सगळं ठीक” म्हणते. तुमच्या आवाजावरून मला कळतं की ते खरं नाही, आणि मी हवेबद्दल विचारते. या रविवारपासून नाही विचारणार. काय बिघडलंय ते विचारीन, आणि “फाइन” म्हणालात तर परत विचारीन. तुम्हाला वैताग येईल. येऊ दे.