सरकवलेला ट्रे

काल सोसायटीच्या गच्चीवर गेले, तर माझा टोमॅटोच्या रोपांचा ट्रे कुणीतरी सरकवलेला. पहिला विचार आला तो सीसीटीव्हीचा. मग पानांना हात लागला, बोटांना तो उग्र हिरवा वास चिकटला आणि आई आठवली.

बाबांची दिल्लीला बदली झाली होती. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आम्ही नवीनच होतो. आईने पुण्याहून आणलेल्या बियांची रोपं केली होती. वाफ्यात लावण्याआधी उन्हाची सवय व्हावी म्हणून ती सकाळी ट्रे अंगणात ठेवायची. दुपारी तो जागेवरून हललेला असायचा.

"त्या शेजारच्या आंटीच. नजर बघितलीस का त्यांची?" आई म्हणायची आणि रोपं मोजायची. एकही कमी नसायचं, तरी संशय वाढतच होता.

एकदा तिने मला पडद्याआड पाळतीवर बसवलं. आंटी आल्या, ट्रे उचलून भिंतीच्या सावलीत ठेवला आणि रोपांनाच म्हणाल्या, "दोपहर में नहीं बेटा, जल जाओगे."

"त्यांनीच उचलला ना?" आईने विचारलं. मी "हो" म्हटलं. पुढचं ऐकायला ती थांबली नाही आणि मीही सांगितलं नाही. ट्रे घरात आला, तो लागवडीच्या दिवशीच बाहेर गेला. दोन दिवसांत सगळी रोपं करपली.

"बघ, लागली ना नजर!" आई म्हणाली.

काल गच्चीवर मी पुन्हा नीट पाहिलं. माझा ट्रे पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलेला होता.

तरीही मी रोपं मोजली.