उघाडी नसलेलं बेट

मी चौथी शिकलेला माणूस. कोकणातून आलो, खिदिरपूरच्या गोदीत ड्रेजरवर लागलो आणि नदीचा गाळ उपसण्यात जन्म गेला. माझी बायको, ही, जाऊन दोन वर्षं झाली. खोलीत बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो.

हिनं मला एक काम सांगितलं होतं. ते मी ती असेपर्यंत टाळलं.

नदी समुद्राला मिळते तिथं एक लहान बेट आहे. उपसलेला गाळ टाकायचा कुठं, हा आमचा कायमचा घोर. साहेबांनी ठरवलं की बेटाची खाडी बुजवायची, भोवती बांध घालायचा. गाळ खपेल, लोकांना भाताला जमीन मिळेल. दोन हिवाळे आमचा ड्रेजर तिथं उभा होता. माझा खांदा निकामी झाला तो तिथलेच पाइप ओढून.

खाडीच्या काठी एका बाईचं घर होतं. नवरा मासे धरायचा, होडी दारातच बांधलेली. तिच्या तळ्याचं पाणी गोड. आम्ही कळशा भरून न्यायचो, ती कधी काही बोलली नाही. मी तिला बंगाली रीतीनं बौदी म्हणायचो, म्हणजे आपल्याकडची वहिनी. खाडी बुजवायला काठावरच्यांचे अंगठे हवे होते. साहेबांवर तिचा भरवसा नव्हता. मी समुद्राकाठचा, म्हणून तिनं मला विचारलं.

मी शहाणपणा केला. म्हणालो, आमच्याकडे खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, हेच करतात. बांध घालायचा, तीन पावसाळे जाऊ द्यायचे, पाऊस मीठ धुऊन नेतो, मग भात. माझ्या बापानं असंच शेत केलं होतं.

"अंगठा दे, बौदी," मी म्हणालो. "मी सांगतो ना."

तिनं दिला. तिचं बघून बाकीच्यांनी दिला.

सुट्टीत घरी आल्यावर हे मी हिला तोऱ्यात सांगितलं. ही भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "उघाडी कुठं ठेवलीत?"

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते उघडतं, आत साठलेलं पावसाचं पाणी मीठ घेऊन बाहेर जातं. भरती आली की मिटतं. त्याशिवाय खाजण होत नाही, हे आमच्या गावात कोणीही सांगेल. मी विसरलो. विसरलो म्हणतो खरं, पण तो बांध बिनदाराचा सरळ चाललेला मी रोज बघत होतो. मी म्हणालो, साहेब बघतील.

"साहेबांनी खाजण बघितलंय का?" एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली.

तीन पावसाळे गेल्यावर हट्ट धरून ही माझ्याबरोबर बेटावर आली. नव्या जमिनीवरची माती उचलून तिनं जिभेवर ठेवली, तिचा बाप ठेवायचा तशी, आणि थुंकली. मग बौदीकडे तळ्यावर गेली. हिचं बंगाली भाजी आणण्यापुरतं. दोघी काय बोलल्या असतील देव जाणे. मी लांब बांधावर विडी ओढत बसलो.

परतताना बोटीत म्हणाली, "तुमचं चुकलंय. जाऊन तिला तुमच्या तोंडानं सांगा."

मी म्हणालो, सांगून मीठ जाणार आहे का?

"मीठ जायला नाही सांगत मी."

पुढं कितीतरी वर्षं मी गेलो नाही. शेवटच्या दुखण्यात ही घरातलं सगळं मला समजावून गेली, डाळीचा डबा कुठला, कुलपाची दुसरी किल्ली कुठं. बेटाचं काढलं नाही. माझ्याकडून होणार नाही, हे धरूनच चालली असावी.

या हिवाळ्यात गेलो. बस, मग इंजिनाची बोट. नव्या जमिनीवर पांढरी खपली धरलेली, भात कुठला, गवतसुद्धा धड नाही. पावसाचं पाणी बांधाआड कुजतं, तेच झिरपून तळं खारट झालं. खाडी बुजल्यावर प्रवाह दुसऱ्या अंगाला लागला आणि तिकडचा काठ तुटला. तिकडची घरं नदीत गेली. ती माणसं आता याच खाऱ्या जमिनीवर ताडपत्रीखाली राहतात, आणि जुन्या लोकांशी पाण्यावरून भांडतात. होडी बांधायला जागा उरली नाही, तेव्हा बौदीचा नवरा केरळात गवंड्याच्या हाताखाली गेला. तिकडंच वारला.

बौदीनं मला ओळखलं. आधी विचारलं, दीदी नाही आली? मी सांगितलं. ती दारातच बसली. मीही खाली बसलो, गुडघे दुखतात तरी.

"मी तुला चुकीचं सांगितलं," मी म्हणालो. "बांधाला दार हवं होतं. मला ठाऊक होतं."

बौदी म्हणाली,

"दीदी त्याच दिवशी सांगून गेली, दादा. माती दाखवली. माझे पाय धरले. तुम्ही तेव्हा विडी ओढत होता."

हे हिनं मला कधी सांगितलं नाही. माझ्यासाठी ती कोणाच्या पाया पडली, हे मला आत्ता, परक्या दारात कळलं.

बौदी उठली. पाणी आता बोटीनं कॅनमधून येतं. तिनं कॅन कलता करून पेला भरला, काठोकाठ नाही, अर्ध्याच्या थोडा वर. मी म्हणालो, तहान नाही, तुला राहू दे.

"प्या," ती म्हणाली. "गोड आहे."

मी प्यायलो.