संतरामने भरून ठेवलेलं इंटरनेट

गोरेगावच्या बसथांब्यासमोर संतरामचं एसटीडीचं दुकान होतं. दोन हजार पाच साली त्याने त्यातच तीन कॉम्प्युटर मांडले, बाहेर इंटरनेटची पाटी लावली, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्याला जो ताप लागला तो लागलाच. टेलिफोनची लाईन एकच, तीही बाभळींतून लोंबकळत आलेली. एक पान उघडायला लावून गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात चहा पिई, हळदीचा भाव विचारी, परत येई, तेव्हा कुठे वरचं अर्धं चित्र दिसायला लागलेलं असे. तिघं एकदम बसले की तेवढंही नाही. आणि शिव्या कुणाला, तर संतरामला.

माणूस कसा होता ते आधी सांगतो. हुशार होता, कष्टाळू होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण 'माझं चुकलं' हे शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. फोन चुकीचा लागला तर डबा खराब, गाडी पंक्चर झाली तर रस्ता खराब. लग्नाला वीस वर्षं झाली, बायकोने, शालूबाईने, कधीच हात टेकले होते.

तर या संतरामला हिंगोलीच्या हनुमानने, म्हणजे त्याच्या झेरॉक्सवाल्या मित्राने, प्रॉक्सीची सीडी दिली. एका कॉम्प्युटरवर ती बसवायची आणि बाकीच्या दोघांच्या ब्राउजरमध्ये सेटिंगच्या रकान्यात त्या पहिल्याचा नंबर टाकायचा. मग एकदा आलेलं पान पहिला कॉम्प्युटर आपल्याजवळ ठेवून घेतो आणि दुसऱ्यांदा मागितलं की लगेच काढून देतो. चार दिवस संतराम त्या रकान्यांत डोकं घालून बसला. जेवायला हाक मारली की खेकसायचा. शेवटी जमलं एकदाचं.

जमलं तर गप्प बसावं ना. पण नाही. मधूनमधून हा प्रॉक्सी पान बदललंय का ते बाहेर विचारून यायचा आणि त्यात मिनिट जायचं. तेही संतरामला खपेना. त्याने ते विचारणंच बंद करून टाकलं. साठवलेलं असेल तर तेच द्यायचं, विषय संपला.

"नळाला चौथ्या दिवशी पानी येतं, तवा आपन रांजन भरून ठेवतो का न्हाई? तसंच हे. पहाटं लाईन मोकळी असती, तवा पानं भरून ठेवायची," तो येईल त्याला सांगायचा.

"भरायच्या आधी शिळं पानी सांडावं लागतं," शालूबाई एसटीडीच्या खुर्चीवरून म्हणाली होती.

"तुला यातलं काय कळतं," संतराम म्हणाला.

पुढच्या वर्षी डी.एड.चे प्रवेश सुरू झाले. यादी इंटरनेटवर लागायची, दर वेळची नवी यादी त्याच पानावर. एका सकाळी पंचफुलाबाई आपल्या मोहिनीला घेऊन दुकानात आली. गावाबाहेर वस्तीवर यांची शेळ्यामेंढ्यांची राखण. नवरा लिंबाजी मेंढरं घेऊन लांब गेलेला. बारावीला मोहिनीने शेळ्यांमागे पुस्तक घेऊन अभ्यास केला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक. पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं.

"काका, दुसरी यादी काल सांजच्याला लागली म्हनतेत," मोहिनी म्हणाली. "नाव असलं तर आज पाच वाजेपोत्तर कागदं घेऊन हिंगोलीच्या कॉलेजात जायाचं. न्हाई तर जागा खालच्या नंबरला जाती."

संतरामने बटण दाबलं आणि यादी डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर. त्याची छाती फुगली. मथळा कशाला वाचतोय तो? शोधायच्या चौकटीत अर्जाचा नंबर टाकला. सापडला नाही.

"न्हाई नाव."

"बराबर पाह्यलं का भाऊ?" पंचफुलाबाईने विचारलं.

"मशीन खोटं बोलत न्हाई, बाई."

दोघी निघून गेल्या. मोहिनी पायरीवर क्षणभर थांबली, मग आईमागे चालू लागली.

दुपारी अडीच वाजता पुसेगावचा एक जण तीच यादी पाहायला आला. यादी पुन्हा झटकन उघडली. शालूबाई रिसीव्हर हातात घेऊन बसली होती.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "सकाळी उठल्यापासून माहेरी फोन लावून राहिले. लाईन मेलेली हाय. मंग हे पान येऊन कुठून राहिलं?"

संतराम तिच्यावर ओरडणारच होता. पण नजर पडद्यावर गेली. त्याने आयुष्यात पहिल्यांदा यादीचा मथळा वाचला. पहिली यादी, तारीख नऊ दिवसांपूर्वीची.

तो तसाच पळाला. जीपवाल्या भावसिंगकडे मोबाईल होता, त्यावरून त्याने हनुमानला गाठलं आणि मोहिनीच्या अर्जाचा नंबर सांगितला. हनुमानने पाच मिनिटं लावली.

"हाय की," हनुमान म्हणाला. "सदतिसावी."

संतरामने मोटारसायकल वस्तीवर घातली तेव्हा तीन वाजत आले होते. पंचफुलाबाई गोठ्याशी उभी होती.

"मोहिनीचं नाव हाय यादीत. बसा गाडीवर, दोघीबी."

ती जागची हलली नाही.

"सकाळी तुमीच न्हाई म्हनलात. आता व्हय म्हनता. कागद हाय का काई?"

"लाईन बंद हाय, कागद कुठून आनू?"

"मंग राहू द्या. लेकरू दुपारपोत्तर रडलं. आताच कुठं तोंड धुऊन शेळ्यामागं गेलं. परत रडवू नका तिला."

संतरामच्या ओठांवर सगळं तयार होतं. लाईन वाईट, सीडी वाईट, हनुमानने नीट सांगितलं नाही. पण यातलं काहीही सांगितलं तरी ही बाई हलणार नाही, हे त्याला दिसत होतं. उन्हं कलायला लागली होती.

"वहिनी, मशीन बराबर होतं," तो म्हणाला. "मीच त्याला जुनं दाखवायला लावलं होतं, आन पाह्यलंबी न्हाई. माझं चुकलं."

पंचफुलाबाईने त्याच्याकडे बघितलं. मग ओढ्याकडे तोंड करून मोहिनीला हाक मारली.

कागदांची पिशवी खुंटीला तशीच अडकवलेली होती. शेळ्या शेजारच्या मोतीबाईच्या हवाली केल्या आणि एका गाडीवर तिघं हिंगोलीला निघाले. कॉलेजात पोचले तेव्हा पाचाला सात मिनिटं कमी होती आणि कारकून खिडकी लावायच्या बेतात होता.

"शेवटच्या दिवशी, शेवटच्या घटकेला?" तो वैतागून म्हणाला. "झोपला होतात का?"

मोहिनीने संतरामकडे पाहिलं, मग खिडकीत कागद सरकवत म्हणाली, "सर, गावात लाईन नव्हती."

"लाईनचं सोडा साहेब," संतराम मागून म्हणाला. "पोरगी सकाळी नवालाच आली होती. मी परत पाठवली तिला."