साडेचोवीस चिंचोके

गिरजाबाई गेल्याचा निरोप मला अनसिंगच्या बाजाराच्या दिवशी मिळाला. तिचा मुलगा नारायण माझा विद्यार्थी. तो आता अकोल्याला हायस्कुलात गणित शिकवतो. आठवड्यानंतर, जिथं मी उभं आयुष्य मास्तरकी केली त्याच शाळेत, शोकसभा झाली. मला मधल्या खुर्चीत बसवलं. एकेक वक्ता उठून सांगत होता, की बाई बिचारी अडाणी, चिंच फोडून पोट भरणारी. पण असे गुरुजी लाभले म्हणून पोराचं सोनं झालं. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. लोकांना तो विनय वाटला... तो भित्रेपणा होता. सभेला तीन आठवडे झाले. हे खोटं आता सहन होत नाही, म्हणून लिहितो.

गिरजाबाईचं घर शाळेमागच्या गल्लीत होतं. नवरा प्लेगात गेलेला. दुकानदारांची चिंच आणून ती फोडायची आणि चिंचोके काढून गर परत द्यायची. दिवेलागणीला नारायणाला समोर बसवून धडा मोठ्यानं वाचायला लावायची, हात चालवत ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. एकदा पोरानं आळसानं कालचाच, विहिरीत पडलेल्या कोल्ह्याचा धडा पुन्हा म्हणून दाखवला. ती म्हणाली, "काहून रे, कालचा कोल्हा आजबी हिरीतच हाय? अजून नाही निंगाला भाईर?" नारायणानंच हे वर्गात सांगितलं, आणि मी पोरांपेक्षा जास्त हसलो. दर शनिवारी ती शाळेच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारायची, "गुरुजी, या हप्त्यात कुठं अडलं त्याचं?" मला त्या प्रश्नाची चीड यायची. बाकीचे आईबाप पोराचं नाव घालताना म्हणत, "हाडं आमची, चामडं तुमचं," आणि पुन्हा फिरकत नसत. मला ते बरं वाटे.

एके सकाळी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, चालू होता. माझं लक्ष दुसरीकडे होतं आणि मी म्हणून गेलो, "सात औट साडेबावीस." वर्ग तसंच म्हणाला. एकटा नारायण म्हणाला, साडेचोवीस. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तो साडेबावीस म्हणेपर्यंत मी त्याच्या तळहातावर छड्या मारल्या. शेवटी तो तसं म्हणाला.

दुपारी गिरजाबाई आली आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली. पदरातले चिंचोके तिनं माझ्या टेबलावर ओतले आणि बाजारात मांडतात तसे सात वाटे मांडले. प्रत्येक वाट्यात तीन अख्खे आणि एक फोडलेला अर्धा.

"मोजा, गुरुजी."

"बाई, तुला एक अक्षर येत नाही, आणि तू मला पाढे शिकवायला आलीस?"

"अक्षर नाही येत मले. चिंचोके मोजता येते. पोट्ट्यानं बरोबर सांगतलं, मंग त्याले काहून मारलं?"

मी छडीनं सगळे वाटे उधळून लावले. "हो बाहेर! शाळा आहे ही, बाजार नाही." पोरं हसली. ती खाली वाकली नाही. नारायणाचा सुजलेला हात धरून निघून गेली.

शाळा सुटल्यावर मी दार लावून घेतलं आणि गुडघ्यांवर बसून एकेक चिंचोका वेचला. एकवीस अख्खे, सात अर्धे... साडेचोवीस. त्या क्षणापासून मला सगळं कळलेलं होतं. तरीही महिन्याभरानं चौथीच्या परीक्षेची यादी शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांकडे पाठवताना नारायणाच्या नावापुढं मी लिहिलं, 'गणितात कच्चा'. गणितात! पोराचं वर्ष गेलं. गिरजाबाईनं घर मोडलं, त्याला घेऊन वाशीमला गेली आणि एका मुसलमान किराणा व्यापाऱ्याची चिंच फोडत त्याला शिकवलं. तिथल्या शाळेच्या दारातही ती दर शनिवारी उभी राहायची म्हणे.

शोकसभा संपल्यावर मी नारायणाला बाजूला घेतलं. "तू का नाही बोललास खरं?"

"मायनं शपथ घातली होती, गुरुजी. म्हने, त्यायची चूक गावात सांगशीन तर बाकीचे पोट्टे त्यायचं आयकनार नाही. त्या लेकरायचं नुकसान कायले?"

म्हणजे माझा मान तिनं राखला होता. तिच्यावर हसलेल्या पोरांसाठीच राखला होता! आणि तिला बिचारी म्हणणारे हे शहाणे... त्या सभेत अडाणी एकच होता, आणि तो मधल्या खुर्चीत बसला होता.

अजूनही आईबाप माझ्या ओसरीवर येऊन विचारतात, पोरगं शिकावं म्हणून आम्ही काय करावं? मी सांगत आलो, मास्तरावर सोडा. खोटं सांगत आलो. रोज घटकाभर त्याच्यासमोर बसा. वाचता येत नसेल तर ऐका. कुठं अडतं ते विचारा. आणि मास्तर चुकला तर उंबरा ओलांडून आत शिरा, तो छडी उगारो की काही करो.

ते चिंचोके शाईच्या पुडीच्या डब्यात माझ्याकडे आहेत. त्या दिवसानंतर औटकी शिकवताना सातवा आकडा मी स्वतः कधी उच्चारला नाही. एखाद्या पोराला पुस्तकातून वाचायला लावायचो. काल डबा उघडून सात वाटे मांडले. ओठ हलले, आवाज निघाला नाही. येत्या शनिवारी डबा घेऊन शाळेत जाणार आहे. तिथं हल्ली नवे मास्तर आहेत. उंबऱ्याबाहेर, गिरजाबाई उभी राहायची तिथं उभा राहून त्यांना विचारीन, आत येऊ का... मुलांना एक पाढा मी चुकीचा शिकवला होता.