आमची बाई

"हात पुढे कर," निवेदिताची मम्मी म्हणाली.

माझ्या आईनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग ओंजळ केली. थोडी वाकली. मम्मीनं थर्मासमधलं बर्फाचं पाणी वरून ओतलं. हाताला हात लागणार नाही इतक्या वरून. पाणी आईच्या कोपरापर्यंत ओघळलं, पदर भिजला. थर्मासचं झाकण मम्मीच्या दुसऱ्या हातात होतं. आम्ही चौघी मैत्रिणी नुकत्याच त्या झाकणातून प्यायलो होतो. मीसुद्धा.

"पी, पी. किती दमलीस गं," मम्मी म्हणाली. मनापासून म्हणाली.

टॉकीजच्या लेडीज क्लासबाहेरचा व्हरांडा. मार्च संपत आलेला, मॅटिनीचा इंटरव्हल. पाच पावलांवर माठ होता. आईनंच सकाळी भरून ठेवलेला. तिला कुणाच्या थर्मासची गरज नव्हती. तरी ती प्यायली. माझ्यामुळे प्यायली. त्या मम्मीनं काय केलं ते कुणालाही दिसेल. मी काय केलं ते तिथं उभ्या असलेल्या कुणाला दिसलं नाही. म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरात आजी होती, तिला सगळे माय म्हणत. म्हणून आईला आम्ही बाई म्हणायचो. आमच्या वस्तीत असं पुष्कळ घरांत होतं. माझे वडील या टॉकीजचे डोअरकीपर. मी आठ वर्षांची असताना ते छातीच्या आजारानं गेले. मालकानं बाईला लेडीजच्या दारावर घेतलं. वडिलांची बॅटरी तिच्या हातात आली. तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, रडणाऱ्या पोरांना त्यांच्या आयांसकट बाहेर काढायचं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

कॉन्व्हेंटच्या एका सिस्टरनं खटपट करून मला इंग्रजी शाळेत घातलं. फीमाफी होती. शाळेत मी बोलायची नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, तेही थोडक्यात. घर कुठे, आई काय करते, कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

बाई मला सिनेमे सांगायची. स्वयंपाक करताना, केस विंचरताना. पण एक गंमत होती. एकाही सिनेमाचा शेवट तिनं पाहिलेला नव्हता. खेळ संपायच्या दहा मिनिटं आधी तिला लेडीजचं दार उघडायला जावं लागे, नाहीतर लेकुरवाळ्या बायका गर्दीत चेंगरत. एकच सिनेमा ती दिवसातून तीनदा, सहा-सहा आठवडे बघायची, आणि शेवट दारावरच्या पडद्यामागून नुसता ऐकायची. मग ऐकलेल्यावरून स्वतःच शेवट करायची.

तिचा सगळ्यात आवडता सिनेमा एका गेटवाल्याच्या बायकोचा होता. रेल्वेचं फाटक, आडरान. नवरा मरतो. बायको त्याचा कंदील उचलते आणि गाड्यांना दाखवत उभी राहते. गाव म्हणतं, विधवेनं असं रात्रीबेरात्री रुळावर उभं राहायचं नाही. दीर म्हणतो, कंदील मला दे. इथपर्यंत बाईनं पाहिलेलं. पुढं तिला ऐकू यायची इंजिनाची लांब शिट्टी. मग टाळ्या.

"मंग थे काय करते मालूम हाय?" बाई पोळी तव्यावर टाकून माझ्याकडे वळायची. "थे रुळावर उभी राह्यते. गाडी थांबते. मोठा सायेब खाली उतरते. इचारते, कोन व तू? थे म्हनते, मी इथली गेटवाली. मंग सायेब टोपी काढते."

पोळी करपायची. प्रत्येक वेळी.

मला दुसरा कुठलाच सिनेमा तेवढा आवडला नाही. आजही नाही.

नववीत असताना इंग्रजीच्या तासाला मिसनं सांगितलं, प्रत्येकीनं उभं राहून आपल्या आवडत्या सिनेमाची गोष्ट सांगायची. माझी पाळी आली. मी गेटवालीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच मी वर्गात इतकं बोलत होते. मुली पुढे सरकून ऐकत होत्या. साहेबानं टोपी काढली तिथं माझाही हात डोक्याकडे गेला.

"पण असा शेवट नाहीच आहे!" निवेदिता ओरडली. ती माझ्याच बाकावर बसायची. "मी पाहिलाय. ती कंदील दिराला देते. तिचा भाऊ तिला न्यायला येतो. ती त्याच गाडीनं माहेरी जाते."

वर्ग हसला. पुढे मी तो सिनेमा पूर्ण पाहिला. निवेदिता म्हणाली तसाच आहे.

मिसनं विचारलं, "तुला हे कुणी सांगितलं?"

"बाई टोल्ड मी, मिस."

आधी मला कळलंच नाही सगळ्या का हसतायत. निवेदितानं डोळ्यांतलं पाणी पुसत म्हटलं, "हिच्या घरची बाई हिला स्टोरी सांगते आणि ही येऊन इथे सांगते!" मिसही हसली. त्यांच्या घरात बाई म्हणजे भांडी घासणारी. माझ्या घरात बाई म्हणजे आई. एवढं एक वाक्य सांगायचं होतं. इंग्रजीत ते माझ्या डोक्यात तयारही झालं होतं, व्याकरणाची एक चूक नसलेलं.

मी खाली बसले.

इथवर चूक त्यांची होती असं म्हणता येईल. पुढची माझी.

त्या दिवसापासून माझा भाव वाढला. जिच्या घरी कामाला बाई आहे, ती बऱ्या घरची मुलगी. मधल्या सुट्टीत मुली विचारायच्या, "आज तुझ्या बाईनं कुठला शेवट केला?" मी सांगायची. एकदा सहज बाईच्या बोलीत सांगितलं. "मंग थे म्हनते, मले नोको शिकवू." मुली लोळून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसंच मागितलं. मग मी रोज करायला लागले. पदर खोचल्यासारखं करायची, कमरेवर हात ठेवायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याभोवती घोळका जमत होता.

घरी बाई विचारायची, "तुह्या मयतरनींयले आवडते काय माह्या गोष्टी?"

"खूप," मी म्हणायची.

ती लाजायची. आणि पुढचा सिनेमा अधिक मन लावून ऐकायची, मला सांगायला म्हणून.

परीक्षेआधी निवेदिताची मम्मी आम्हा चौघींना मॅटिनीला घेऊन निघाली. निवेदिताचा दोन वर्षांचा भाऊ कडेवर. कोणत्या टॉकीजला ते मला गाडीत बसल्यावर कळलं. मी स्वतःला समजावलं, हे लोक बाल्कनीत बसणार, बाई खाली असते. पण बाल्कनी हाउसफुल होती. मम्मीनं नाक मुरडून लेडीजची तिकिटं काढली.

दारात बाई उभी होती. खाकी कोट साडीवर, हातात बॅटरी. मला पाहून तिचा चेहरा फुलला.

"अवं, तू काहून आली इथं?"

निवेदितानं माझा हात धरला. "हू इज शी?"

"शी इज अवर बाई," मी म्हणाले.

यावेळी मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. त्यांच्या घरातला अर्थ, त्यांच्यासाठी, मी मुद्दाम वापरला.

बाईला इंग्रजी येत नव्हतं. तिला एकच शब्द कळला. तिला वाटलं, मुलगी मैत्रिणींना आपली ओळख करून देते आहे. तिनं कोट नीट केला. पदर डोक्यावर घेतला. हसली.

"अच्छा!" निवेदिताची मम्मी म्हणाली. "म्हणजे इथलं सांभाळून यांच्याकडे कामाला जातेस ती तूच होय? त्या सिनेमाच्या गोष्टी सांगणारी? ही पोरगी काय नक्कल करते तुझी! माझी निवेदिता घरी करून दाखवते, आम्ही हसून हसून दमतो."

बाईचं हसू तसंच राहिलं. फक्त त्यातून ती निघून गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या सँडलकडे पाहत होते.

"हो जी," बाई म्हणाली. "यायच्याच घरी राह्यतो मी."

तिनं आमची तिकिटं फाडली आणि पुढे होऊन आम्हाला खुर्च्या दाखवल्या. माझ्या पायाशी जरा जास्त वेळ उजेड धरला, कारण तिथं एक पायरी तुटलेली होती.

इंटरव्हलला निवेदिताच्या भावाला उलटी झाली. मम्मीच्या साडीवर, खुर्चीवर, फरशीवर. बाई बादली आणि फडकं घेऊन आली. फरशी पुसली, खुर्ची पुसली. पोराला घ्यायला तिनं हात पुढे केले तेव्हा मम्मी म्हणाली, "नको नको, त्याला मी घेते. तू एवढं पूस." मग व्हरांड्यात थर्मास उघडला, आणि ते पाणी.

त्या पाण्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली.

बाईचं माहेर पारशिवनीकडचं. छपन्न साली ती चौदा वर्षांची होती. दीक्षेसाठी ती बापाचं बोट धरून नागपूरला पायी आली. परत जाताना बापानं सगळ्या पोरांना रस्त्यात थांबवून सांगितलं, "आजपासून ओंजळ बंद. कोनी गिलास देईन तं प्यायचं. नाही तं तहानंनं मरायचं." बाई ही गोष्ट आम्हाला सणासारखी सांगायची. लग्नात, शेतात, दवाखान्यात, अठरा वर्षं तिनं कुणापुढे ओंजळ केली नव्हती. एकदा खाप्याला भर उन्हात एका घरी पाण्याचा गडवा वर धरलेला पाहून ती तशीच तहानलेली तीन कोस चालत गेली होती.

त्या दिवशी ती नाही म्हणू शकली असती. पण मग मम्मीनं विचारलं असतं, कामवालीला एवढा कसला ताठा? मग एकातून एक निघत गेलं असतं आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली असती तरी पुरे होतं.

मी मान हलवली नाही. बाईनं ओंजळ केली.

उरलेला सिनेमा मी पाहिला. एकही दृश्य आठवत नाही.

घरी आल्यावर बाईनं चूल पेटवली. वरण केलं, भात केला, मला वाढलं. त्या दिवसानंतर तिनं मला एकही सिनेमा सांगितला नाही. मी विचारलं, "बाई, नवीन लागलेला कसा आहे?" तर म्हणाली, "बरा हाय." तेवढंच.

सोमवारी मधल्या सुट्टीत करंजाच्या झाडाखाली घोळका जमला. निवेदिता सांगत होती, मम्मीनं यांच्या बाईला स्वतःच्या थर्मासमधलं पाणी दिलं, बिचारी कशी घटाघट प्यायली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ए, ती 'हो जी' कशी म्हणाली ते करून दाखव ना. आणि ते पाणी पिणं पण."

मुली हसायच्या तयारीनं उभ्या होत्या. मला येत होतं. मी रोज करत होते.

"ती माझी आई आहे," मी म्हणाले.

मराठीत म्हणाले. शाळेच्या आवारात मराठी बोलायला बंदी होती.

"जोक करतेस."

"नाही. आम्ही आईला बाई म्हणतो. ती माझी आई आहे. टॉकीजमध्ये नोकरी करते."

"मग तिनं सांगितलं का नाही? मग ती तसं का प्यायली?"

"मी खोटं बोलले म्हणून."

मग मागून एकीनं हळूच विचारलं, "म्हणजे तुम्ही... ते?"

"हो," मी म्हणाले. "आम्ही ते. बौद्ध."

दुसऱ्या दिवशी निवेदिता दुसऱ्या बाकावर होती. तिच्या मम्मीनं चिठ्ठी पाठवली होती, असं मिस म्हणाली. पुढची दोन वर्षं त्या बाकावर मी एकटी बसले. ते मला जड गेलं, हे नाकारत नाही. पण त्याचं दुःख सांगायचा हक्क मला नाही.

बाईला मी त्याच सोमवारी सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"सांगतलं?"

"हो."

"सगळ्यायसमोर?"

"हो."

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "बरं केलं. पन म्या पेलेलं पानी आता वापस थोडीच येते वं. माह्या बापाले शब्द देल्ला होता म्या."

"बाई, माझं चुक..."

"माफी नोको मांगू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तू मांगशील तं मले द्याच लागन. आई हावो ना तुही."

ती तांदूळ निवडत राहिली.

त्याला आता सात वर्षं झाली. मी माफी मागितलेली नाही. मागणारही नाही. मागितली तर ती देईल, मला हलकं वाटेल, आणि तिनं केलेली ओंजळ तिच्याकडेच राहील. मला हलकं व्हायचं नाही.

आता मी एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट आहे. नवीन माणूस शेजारी बसलं की त्यानं विचारायच्या आत मी सांगते. माझी आई टॉकीजमध्ये लेडीजच्या दारावर आहे. आम्ही बौद्ध. माझा स्वभाव तसा नाही. सांगताना शब्द अडखळतात, समोरच्याला वाटतं ही मध्येच हे काय सांगतेय. काही जणी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पलीकडच्या टेबलावर जातात. जाऊ देत. मी एकदा गप्प राहिले तेव्हा वाकावं तिला लागलं. यापुढे मी आधी बोलेन.